मण्यांची पेरणी

खालच्या रानाची त्या वर्षी जेवढी नांगरट झाली तेवढी दुसऱ्या कुठल्या जमिनीची झाली नसेल. सोमवारी नांगरलं, मंगळवारी नांगरलं, बुधवारी दोन शाळा आल्या म्हणून दोनदा नांगरलं. मातीचं पीठ झालं होतं. चिमणी उतरली तरी पायाचा ठसा उमटायचा. आणि एवढ्या मऊ मातीत पेरायचं काय, तर प्लास्टिकचे मणी.

नांगरणारा धाकटा. चाळिशी उलटली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी सगळे त्याला धाकटाच म्हणत. थोरला शहरात गेला तो परत आलाच नाही, त्यामुळे याला बढती मिळायचा प्रश्न नव्हता.

रान पूर्वी त्यांचंच होतं. ओढ्याकाठची काळी जमीन, उन्हातसुद्धा ओल धरणारी. ती परिसराच्या इतिहासाच्या संग्रहालयासाठी घेतली गेली. वरच्या अंगाला इमारत झाली. तिच्यात जुनी कुलपं, जुनी मापं, कुणाच्या तरी पणजोबांचा एक बूट आणि धाकट्याच्याच आजोबांचा नांगर काचेआड ठेवला. खालच्या अंगाला दोरी बांधून 'अनुभव-शेत' केलं. घराकडे उरला नुसता माळ. त्यावर दोन वर्षं पावसानं तोंड फिरवलेलं, विहिरीच्या तळाला बेडूकही राहिला नव्हता. बैलांच्या बरगड्या मोजता यायला लागल्या तेव्हा संग्रहालयाला बैलजोडी पाहिजे असल्याचं कळलं. वैरण ते देणार होते. धाकटा बैल घेऊन गेला आणि गळ्यात ओळखपत्र अडकवून परत आला. फोटोखाली लिहिलं होतं, 'पारंपरिक शेतकरी (तात्पुरता)'.

"मुलांनो, हे आपले शेतकरीदादा," माईकताई सांगायची. ती सहलींना माहिती देणारी पोरगी. शेजारच्याकडे पाणी मागायचं असलं तरी माईकमधून मागायची. "पूर्वी लोक असे बैलांनी नांगरत. आता कुणी नांगरत नाही."

"मग हे का नांगरतात?" एका मुलीनं विचारलं.

"दाखवायला."

"मग घरी काय करतात?"

माईकताईनं माईक धाकट्याच्या तोंडापुढे धरला. धाकटा म्हणाला, "घरीपण हेच." तेवढ्यात माईक कर्कश शिट्टीसारखा ओरडला आणि डावा बैल जागच्या जागी बसला. डाव्या बैलाचं नाव साहेब, उजव्याचं शिपाई. साहेब एकदा बसला की शिपायानं कितीही ओढलं तरी काम पुढं सरकत नसे. मग मुलं टाळ्या वाजवत. त्यांना वाटे हाही कार्यक्रमातलाच भाग.

नांगरट झाली की मुलांना ओळीनं उभं करून प्रत्येकाच्या ओंजळीत पिवळे मणी द्यायचे. पहिल्या वर्षी खरं बी दिलं होतं, तर ते उगवलं. पुढच्या शाळेला नांगरायला जागा उरली नाही, शाळेनं तक्रार केली. तेव्हा बाईंनी मणी आणले. बाई म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुख. वाईट नव्हत्या. धाकट्याला अहो-जाहो करायच्या, बैलांची विचारपूस करायच्या आणि काहीही मागितलं की "समितीपुढे ठेवते" म्हणायच्या.

पेरणीनंतर मुलं मातीकामाच्या टेबलाकडे पळत. तिथं पाटीच होती, 'प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतः केलेली एक वस्तू घरी न्यावी'. प्रत्येक पोर चिखलाचा एकेक गोळा घेऊन बसमध्ये चढायचं आणि ड्रायव्हर कपाळाला हात लावायचा. बस गेली की धाकटा चाळणी घेऊन रानात उकिडवा बसे. माती खाली, मणी वर. मणी धुऊन परत डब्यात.

ओढ्यावर जाणाऱ्या बाया थांबून विचारत, "काय धाकट्या, पीकपाणी कसं काय?"

"झकास. जेवढं पेरलं तेवढं निघालं."

संध्याकाळी घरी दुसरी परीक्षा. म्हातारा, म्हणजे धाकट्याचे वडील, पडवीतल्या खाटेवर असे. डोळ्यांनी आता उजेड-अंधार एवढंच कळे, पण कान शाबूत होते. बैलांच्या पावलांवरून तो ओळखायचा की आज मऊ रानात काम झालंय.

"काय केलंस आज?"

"नांगरलं."

"काल?"

"नांगरलं."

"आणि पेरणार कधी?"

"पेरलं की."

"काय पेरलंस?"

धाकटा पाय धुण्यात गर्क व्हायचा. आतून बायको उत्तर द्यायची, "मणी."

म्हातारा भिंतीकडे तोंड करायचा. "माझ्या बापानं त्या रानात तीळ काढला. तू मणी काढ. थोरल्याच्या पोरीला माळ होईल."

त्याच्या खाटेखाली एक पत्र्याचा डबा होता. त्यात खालच्या रानातलं शेवटचं तिळाचं बी. रान गेल्यावर ते जगवायचं म्हणून दोनदा माळावर टाकलं. वीतभर रोपं आली, बोंडं धरली, पण आत हवा. दर खेपेला पेरलं त्याहून कमी बी हाती आलं. आता डब्याच्या तळाशी चारपाच मुठी राहिलं होतं. "यंदा ओल्या जमिनीत गेलं नाही तर मेलं समज," म्हातारा म्हणे आणि माळावर टाकायला साफ नकार देई. झोपण्याआधी तो डबा कानाशी धरून हलवी. आवाज आला की कूस बदले.

धाकट्याला ती गोष्ट सुचली चाळणीमुळे. एक दिवस मणी चाळताना एक मुंगी चाळणीच्या भोकातून खाली पडली. धाकटा बराच वेळ त्या भोकाकडे बघत बसला. मणी जाड, तो वर राहतो. तीळ बारीक, तो मातीबरोबर खाली जाईल.

शाळांना लांब सुट्टी लागणार होती. शेवटची सहल यायच्या सकाळी, म्हातारा मागच्या दारी गेलेला असताना, त्यानं खाटेखालचा डबा ओढला, बी फडक्यात ओतलं आणि डब्यात ओढ्याची बारीक वाळू भरली. बायको चुलीपाशी बसून बघत होती.

"विचारलंत त्यांना?"

"विचारलं तर देतील?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही," ती म्हणाली. "उगवलं नाही तर मला माहीत नव्हतं."

त्या दिवशी धाकट्यानं मण्यांच्या डब्यात तीळ मिसळला. मुलांनी ओंजळी पुढं केल्या. एक चष्मेवाला मुलगा हात डोळ्यांजवळ नेऊन म्हणाला, "शेतकरीदादा, मण्यांत हे बारीक काय आहे?"

"मण्यांची पिल्लं."

मुलाचं समाधान झालं. संध्याकाळी धाकट्यानं सगळं रान नेहमीपेक्षा सावकाश चाळलं. मणी डब्यात गेले, तीळ जमिनीत राहिला. त्याच्या हाताला मुंग्या आल्या, पण ते काम करताना तो पहिल्यांदाच गुणगुणत होता.

सुट्टीत संग्रहालय बंद. बैलांची वैरण आणायला म्हणून धाकटा रोज जायचा आणि ओढ्यातलं उरलंसुरलं पाणी बादलीनं रानाला घालायचा. तीळ उगवला, आणि काय उगवला. म्हाताऱ्याला सांगायला जीभ शिवशिवायची. पण डब्यात वाळू होती.

सुट्टी संपेपर्यंत झाडं कमरेला लागली, पांढऱ्या फुलांनी भरली. बाई आल्या. धाकट्यानं गयावया करायची पूर्ण तयारी ठेवली होती. काय बोलायचं ते त्यानं बैलांसमोर म्हणूनही बघितलं होतं.

"हे काय आहे?"

"तीळ."

"कुणी पेरला?"

"मुलांनी."

बाई फुलांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "किती सुंदर दिसतंय." आणि दुसऱ्या दिवशी रानाभोवती नवीन दोरी आली आणि पाटी आली, 'पारंपरिक पीक. कृपया हात लावू नये'.

धाकट्याचं भाषण वाया गेलं. पण नांगरटीचा कार्यक्रम तर ठरलेला. समितीनं तोडगा काढला की नांगरट वाहनतळावर घ्यावी. तिथं फरशी असल्यामुळे नांगराचा फाळ काढून खाली दोन चाकं बसवली. धाकटा फरशीवरून चाकाचा नांगर हाकायचा, मागून मुलं मणी टाकायची, मणी टपटप उड्या मारत गटारात जायचे. साहेबाला हे काम फार आवडलं. तो पूर्ण हंगामात एकदाही बसला नाही.

फुलं गळाली, बोंडं धरली. पाटीवर हात लावू नये असं होतं, पण माईकताईला बोंडं वाळली की वाजतात हे कळलं. "हा निसर्गाचा खुळखुळा," ती म्हणाली आणि कडेची मुलं एकेक झाड धरून हलवायला लागली. तिळाचं बोंड वाळलं की टोकाला उलतं. मग वारा आला तरी सांडतं, पोरांनी हलवलं तर बोलायलाच नको. हिरवेपणा उतरायला लागला की कापून झाडं उभी वाळवायची असतात, आणि तो दिवस आला होता.

तो बाईंच्या खोलीत गेला. चपला बाहेर काढल्या. "बाई, कापायला पाहिजे."

"काय?"

"तीळ. आता नाही कापला तर झडेल."

बाईंनी त्याला खुर्ची दिली. तो काठावर बसला. "हे बघा, कापणी हा कार्यक्रम आहे," त्या समजावत म्हणाल्या. "मांडलेली वस्तू आपण अशी काढून टाकू शकत नाही. कुठल्या शाळेनं कापणीच्या प्रात्यक्षिकाची मागणी केली, तर लगेच घेऊ."

"मी करतो मागणी."

"तुम्ही कर्मचारी आहात. तुम्हाला नाही करता येत."

"बाई, ते बी घरचं आहे."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "समितीपुढे ठेवते," त्या म्हणाल्या.

घरी येऊन धाकट्यानं दोरखंड भिंतीवर आपटला. बायको कांदे निवडत होती. तिला सगळी आळी मॉनिटर म्हणायची. संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात मोठ्या बायांचा लिहायला-वाचायला शिकायचा वर्ग भरे, त्यात ती हजेरी घेई आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही. स्वतःच्या सासूच्या वयाच्या बायांचीही लिही.

"कर्मचाऱ्याला मागता येत नाही म्हणे," धाकटा म्हणाला.

"आणि शाळेला?"

"शाळेला येतं."

मॉनिटरनं एक कांदा सोलून बाजूला ठेवला. "आमच्या वर्गाची यंदा सहल झाली नाही," ती म्हणाली.

वर्गाच्या शिक्षिकेनं सही दिली. पण तारीख मिळाली पुढच्या आठवड्यातली, आधीचे दिवस भरलेले होते. तेवढ्या दिवसांत बोंडं एकामागून एक उलत गेली. धाकटा चाकाचा नांगर हाकता हाकता मान वळवून बघायचा. वारा सुटला की तो "ए" म्हणून ओरडायचा. साहेबाला वाटे आपल्याला ओरडला. घरी म्हातारा डबा हलवायचा, वाळू वाजायची, आणि धाकटा तेवढा वेळ श्वास रोखून धरायचा.

सहलीच्या दिवशी बाया दोन-दोनच्या ओळीनं आल्या. पुढं मॉनिटर, मागं सगळी आळी, शेवटी काठी टेकत बोळक्या तोंडाची आत्या, जी वर्गात अजून आपल्या नावाच्या पहिल्या अक्षरावरच होती. कमरेला विळे खोचलेले. दारावरच्या रखवालदारानं ते सगळे काढून घेतले.

"धारदार वस्तू न्यायला मनाई आहे."

"अहो, कापणीचा कार्यक्रम आहे."

"विळे आतून मिळतील."

आतून मिळाले ते पुठ्ठ्याचे. चंदेरी कागद चिकटवलेले.

पण रानात लगेच जाता येत नव्हतं. आधी अंधाऱ्या खोलीत शेतीवरची फिल्म झाली. बाया सकाळपासून कामं उरकून आलेल्या, दिवा गेल्याबरोबर झोपल्या. मग काचेआडचा नांगर. मग दोरीपाशी उन्हात उभं राहून माईकताईनं विळा कसा धरायचा ते दाखवलं. तिनं तो उलटा धरला होता. कुणी काही बोललं नाही. बोललं तर आणखी उशीर झाला असता. पलीकडे बोंडं उन्हात तडतडत होती.

"आता शेतकरीदादांना प्रश्न विचारा," माईकताई म्हणाली. "लाजू नका."

मॉनिटरनं हात वर केला. "शेतकरीदादा, तुमचं लग्न झालंय?"

"झालंय," धाकटा म्हणाला.

"मग घरी जेवल्यावर ताट जागेवरच का राहतं?"

बाया पदराआड हसल्या. माईकताईनं धाकट्यापुढं माईक धरला. धाकट्याला एवढ्या वर्षांत प्रथमच बैलासारखं खाली बसावंसं वाटलं. "पारंपरिक पद्धत आहे," तो म्हणाला.

"दादा, आता सुरू करू द्या त्यांना," मागून बाईंचा आवाज आला. त्या मुद्दाम बघायला आल्या होत्या.

बायांनी पुठ्ठ्याचे विळे पदरात खोचले आणि झाडं मुळापासून उपटायला सुरुवात केली. जमीन इतकी नांगरलेली की दोन बोटांनी धरून ओढलं तरी झाड वर येई. पण हिसका बसू द्यायचा नव्हता. झाड हळूच वर उचलायचं, सरळ ठेवायचं, टोक कलू द्यायचं नाही. कमरा वाकलेल्या, घामाचे थेंब नाकावरून मातीत. तरी प्रत्येक झाडामागं थोडा तीळ पुडी सुटल्यासारखा खाली ओघळायचा आणि धाकटा डोळे मिटून घ्यायचा. त्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्यानं माहिती द्यायची होती.

पेंढ्या बांधून झाल्या तशा बाई पुढं आल्या. "छान. आता हे सगळं आपण दालनात मांडू."

मॉनिटरनं मातीकामाच्या टेबलावरच्या पाटीकडे बोट केलं आणि एकेक शब्द सुटा करत वाचून दाखवलं. "प्रत्येक. विद्यार्थ्याने. स्वतः. केलेली. एक. वस्तू. घरी. न्यावी." शिकलेलं असं भर दुपारी कामाला येईल असं तिलाही वाटलं नव्हतं.

"ते मातीच्या वस्तूंसाठी आहे," माईकताई म्हणाली.

"मातीतूनच काढलीय."

बाईंनी पाटीकडे बघितलं, पेंढ्यांकडे बघितलं. नियम त्यांनीच केला होता. "एकच," त्या शेवटी म्हणाल्या.

"एकच," बाया म्हणाल्या. प्रत्येकीची पेंढी कडेवर बसणाऱ्या पोराएवढी होती.

दारापाशी पुन्हा अडलं. कमानीवर संग्रहालयाच्या नावाचा फळा लोंबत होता आणि पेंढ्या डोक्यावर उभ्या मावत नव्हत्या.

"आडव्या करा," रखवालदार म्हणाला.

"आडवी केली की सांडते."

"मग कशी नेणार?"

बाया खाली बसल्या. पेंढी पोटाशी उभी धरून, उकिडव्या, बदकासारख्या एकामागून एक कमानीखालून चालत निघाल्या. गुडघ्यांचे कटकट आवाज लांबवर ऐकू येत होते. आत्या काठी हिरड्यांत धरून निघाली. रस्त्यावरून एक बस चालली होती, ती हळू झाली. खिडक्यांतून मुलं बघत राहिली.

"केवढी शिस्त आहे," बाई माईकताईला म्हणाल्या.

धाकटा बैलांशेजारी उभा होता. त्याची बायको त्याच्यासमोरून बसक्या चालीनं गेली, तोंड लाल झालेलं, नजर समोर. तो पुढं झाला, तशी ती दातांवर दात धरून म्हणाली, "तुम्ही कर्मचारी. हात लावू नका."

घरी पेंढ्या दोन दिवस अंगणात उभ्या वाळल्या. मग चादरीवर उलट्या धरून थोपटल्या. तीळ पडला, पण जेवढा पडायला पाहिजे होता तेवढा नाही. वरची बोंडं भरलेली, खालची सगळी उघडी आणि रिकामी. पेंढी वाहणाऱ्या प्रत्येक बाईच्या पदरात एकेक ओंजळ घातल्यावर जे उरलं, ते धाकट्यानं परातीत घेतलं आणि खाटेपाशी जाऊन बसला.

"बाबा, हात पुढं करा."

म्हाताऱ्यानं हात पुढं केला. तीळ तळव्यावर पडला तशी त्याची बोटं मिटली, उघडली. त्यानं चिमूटभर तोंडात टाकला आणि पुढच्या दोन दातांनी बराच वेळ चावत राहिला. धाकटा वाट बघत होता. दारात मॉनिटर उभी होती, कमरेवर हात दाबून.

"उशीर केलास कापायला," म्हातारा म्हणाला.

धाकट्यानं परात खाली ठेवली. मणी, चाळणी, दोरी, समिती, पुठ्ठ्याचे विळे, कुठून सुरुवात करावी.

"माझं बी घेतलंस."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. वाळूचा आवाज कळत नाही होय मला? कान गेलेत का माझे?"

"मग रोज डबा कशाला हलवत होता?"

"तू कधी बोलतोस ते बघत होतो." म्हाताऱ्यानं मूठ डब्यात सोडली. त्यात वाळू होतीच. शिव्या देत त्यानं डबा धाकट्याच्या अंगावर ढकलला. "चाळ आता. तुला सवय आहे." आणि थोड्या वेळानं, भिंतीकडे तोंड करून, "झडला किती?"

"निम्म्याच्या वर. सगळा तिथंच पडलाय."

"पडलाय म्हणजे पेरला गेलाय. वरवर माती फिरव. खोल गेलास तर मी तुला बघून घेईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या सुट्टीआधीची शेवटची शाळा आली. पीक गेल्यामुळे पाटी निघाली होती, दोरी निघाली होती, नांगराला परत फाळ बसवला होता. मुलं ओळीनं उभी राहिली, माईकताईनं माईक सुरू केला.

धाकट्यानं नांगर जमिनीला जेमतेम टेकवला आणि बैल हाकले. फाळ मातीवर कंगव्यासारखा फिरत होता. पण चाकाच्या नांगराची गोडी लागलेल्या साहेबाला आज काय झालं कोण जाणे. मऊ माती पायाला लागली तसं त्यानं मान खाली घातली आणि वर्षभरात कधी लावला नव्हता तेवढा जोर लावला. फाळ खाली जायला लागला. धाकटा नांगराचं रुमणं पोटाशी धरून वर खेचत होता, टाचा मातीत रुतवून, दंडाच्या शिरा तटतटून. पूर्वी कधी नांगर दाबायला त्याला जेवढी ताकद लागली नव्हती तेवढी आता उचलून धरायला लागत होती.

"दादा, खोल घाला ना," माईक ओरडला. "मुलांना काहीच दिसत नाहीये."

माईकच्या शिट्टीनं साहेब जागच्या जागी बसला. धाकट्यानं रुमणं सोडलं, घाम पुसला आणि त्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला.

"आज एवढंच," तो म्हणाला. "साहेब दमलेत."